थॅडियस स्टीव्हन्सवरची व्याख्यानमाला: वकिलांनी तरी जावंच, फक्त पाठीची काळजी घ्या

पुण्यात व्याख्यानाला पैसे घेतात हे कळल्यावर आमच्या बाररूममध्ये आधी त्याच्यावरच चर्चा झाली, विषय काय आहे ते लोकांनी नंतर विचारलं. ज्या गावाला १८७५ पासून, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून वसंत व्याख्यानमालेची सवय आहे तिथे कुठल्यातरी अमेरिकन वकिलावर चार रविवार बोलणार आणि त्याचे माणशी १२०० रुपये, बरं लिंकन असता तर एक वेळ समजलं असतं, पण हा थॅडियस स्टीव्हन्स कोण? (एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन वकील आणि पुढारी, गुलामगिरीचा कट्टर विरोधक.) तर मी पैसे भरून चारही भाग ऐकले आणि पैसे वसूल झाले असं आधीच सांगून टाकते. तक्रारी आहेत, त्या पुढे येतीलच.

आयोजकांचं आणि वक्त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण थोडं कडू पण लिहिणारे. नारायण पेठेत एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर हॉल आहे, लिफ्ट नाही, रविवारी संध्याकाळी साडेपाच म्हणजे साडेपाच, पाच मिनिटं उशीर झाला तर दारातल्या काकू अशा बघतात की आपण कोर्टात साहेब बसल्यावर आत शिरलोय असं वाटावं. वक्ते निवृत्त प्राध्यापक, त्यांना सगळे सरच म्हणत होते, मीही सरच लिहिते.

सरांची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यांनी जन्म, बालपण, गरिबी असं सुरू केलं नाही. थेट एका केसपासून सुरुवात केली, आणि ती पण अशी केस की जिच्यात आपला हिरो चुकीच्या बाजूला उभा आहे. साल १८२१. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला (हो, तेच, पुढे यादवी युद्धातली लढाई झाली ते) हा तरुण वकील, प्रॅक्टिस नुकती जमायला लागलेली. शेजारच्या मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर, पेनसिल्व्हेनियात १७८० च्या कायद्याने ती हळूहळू संपवायला घेतलेली. त्या कायद्यात एक तरतूद अशी की बाहेरच्या मालकानं आपला गुलाम पेनसिल्व्हेनियात सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर तो गुलाम मोकळा. चॅरिटी बटलर नावाच्या बाईचं म्हणणं होतं की मालकाच्या घरचे लोक मला घेऊन इकडे यायचे जायचे, त्या सगळ्या मुक्कामांची बेरीज करा, सहा महिन्यांच्या वर जाते, म्हणजे मी मोकळी. स्टीव्हन्सचं वकीलपत्र मालकाच्या बाजूनं. त्याचा युक्तिवाद एवढाच की कायद्यातले सहा महिने सलग हवेत, तुकडे जोडून चालणार नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं. बाई परत गुलामीत गेली.

हॉलमध्ये एकदम शांतता वगैरे झाली नाही, मागे कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडत होतं, पण मी मात्र ताठ बसले कारण मी लेबरची प्रॅक्टिस करते आणि ही ट्रिक मी रोज बघते. आमच्याकडे औद्योगिक विवाद कायद्यातला २४० दिवसांचा हिशोब होता, म्हणजे वर्षात तेवढे दिवस काम भरलं की सेवा सलग धरायची, तर चाकण भोसरी पट्ट्यातले कॉन्ट्रॅक्टर काय करायचे, २४० भरायच्या आत पोराला ब्रेक द्यायचा, पंधरा दिवसांनी दुसऱ्या नावानं परत घ्यायचा, आणि मग कोर्टात येऊन सेवेत खंड आहे म्हणून सांगायचं. सरांनी तर पुढची गंमत सांगितली, की खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना फिलाडेल्फियात राहायचा तेव्हा सहा महिने भरायच्या आत घरातल्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचा म्हणजे मीटर पुन्हा शून्यावर. आता हे ऐकल्यावर मला तरी चाकणच्या कॉन्ट्रॅक्टरबद्दल नवीन काही वाटायचं उरलं नाही.

आणि मग सर म्हणाले की या केसनंतर स्टीव्हन्सचं मन बदललं असं खूप जण लिहितात, पण त्यानं स्वतः तसं कुठे सांगितलेलं आपल्या हाताशी नाही. आपल्याला दिसतं ते एवढंच की १८२३ च्या चार जुलैला जाहीर मेजवानीत त्यानं प्याला उंचावून पुढचा राष्ट्राध्यक्ष असा मिळो की ज्यानं कुणा माणसाला बेड्या ठोकल्या नाहीत, असं म्हटलं, आणि त्यानंतर पळून आलेल्या गुलामांच्या केसेस तो त्यांच्या बाजूनं लढत राहिला. मधलं काय झालं ते तुम्हीच ठरवा. हे मला फार आवडलं. आपल्याकडे चरित्र सांगायचं म्हणजे एक प्रसंग, एक अश्रू, मग साक्षात्कार, असा साचा झालाय, त्यात हे वेगळं वाटलं.

बालपण वगैरे सरांनी दहा मिनिटांत उरकलं. जन्म १७९२, व्हरमाँट, एक पाय जन्मतः वाकडा, बाप घर सोडून गेलेला, आईनं शिकवलं, डार्टमथ कॉलेजातून १८१४ ला पदवी, मग पेनसिल्व्हेनियात यॉर्क गावी मास्तरकी करता करता कायद्याचा अभ्यास. यॉर्कच्या वकिलांनी नियम असा केलेला की दुसरी नोकरी करत कायदा शिकलेल्याला सनद नाही, म्हणून हा घोड्यावर बसून सरळ मेरीलँडला गेला आणि तिकडे परीक्षा देऊन आला. त्या परीक्षेची गोष्ट सांगतात ती अशी की परीक्षकांनी आधी मदेरा वाइनच्या बाटल्या मागवायला लावल्या, मग दोन चार प्रश्न विचारले, मग पुन्हा बाटली, आणि रात्री पत्त्यांत याचे उरलेले पैसेही काढून घेतले. माझा ज्युनिअर बार कौन्सिलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसतोय, तो एवढ्या मोठ्यानं हसला की काकूंनी बघितलं.

आता हॉलबद्दल. खुर्च्या लग्नाच्या मांडवातल्या, प्लास्टिकच्या, दोन तास बसवत नाही. मध्यंतर दहा मिनिटांचं, चहा विकत, तो पण मशीनचा. माईकला असा काही आजार होता की सर डावीकडे वळले की आवाज गायब, आणि सरांना डावीकडे वळूनच बोलायची सवय कारण फळा तिकडे. पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आयोजकांतले एक दादा दरवेळी "बघतो" म्हणाले. पार्किंगचं विचारूच नका, मी गाडी लांब लावून चालत यायचे, तुम्ही रिक्षा करा किंवा मेट्रोनं या. पैसे घेताय तर एवढं तरी बघा ना.

दुसऱ्या भागातलं शाळेचं प्रकरण मला सगळ्यात भारी वाटलं. पेनसिल्व्हेनियानं १८३४ मध्ये फुकट सार्वजनिक शाळांचा कायदा केला आणि वर्षभरात तो रद्द करायची लाट आली, कारण कर भरायचा कुणी. त्याच्या आधीची पद्धत काय होती तर गरिबांच्या पोरांना फुकट शिकवायचं, पण आईबापांनी आधी आपण कंगाल आहोत अशी यादीत नोंद करायची. म्हणजे शिकायचं असेल तर आधी कपाळावर शिक्का मारून घ्या. राज्याच्या सिनेटनं जुन्याच पद्धतीवर परत जायचं विधेयक पास करून पाठवलं. स्टीव्हन्स तेव्हा राज्याच्या विधानसभेत, स्वतःच्या मतदारांनीच त्याला कायदा रद्द करा म्हणून सांगितलेलं, आणि हा १८३५ च्या एप्रिलमध्ये उभा राहून म्हणाला की या नव्या विधेयकाला नावच गरिबांना डाग देऊन श्रीमंतांपासून वेगळं ओळखू येईल असं करण्याचा कायदा असं द्या. मतं फिरली. कायदा रद्द तर झाला नाहीच, उलट आणखी पक्का झाला.

इथे सरांनी थांबून एवढंच म्हटलं की तेरा वर्षांनी इथून चालत दहा मिनिटांवर भिडे वाड्यात काय झालं ते तुम्हाला माहितीये, आणि पुढे गेले. त्याच्यावर पाऊण तास भाषण ठोकायचा मोह आवरला म्हणून मनात एक मार्क जास्त दिला.

ख्रिस्तियानाचं प्रकरण पण छान रंगवलं. १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा झालेला, म्हणजे उत्तरेतल्या माणसानंही पकडायला मदत केली पाहिजे नाहीतर गुन्हा. १८५१ च्या सप्टेंबरात मेरीलँडचा एक मालक, एडवर्ड गॉर्सच, आपले गुलाम पकडायला माणसं आणि मार्शल घेऊन पेनसिल्व्हेनियात ख्रिस्तियानाला आला, तिथल्या काळ्या लोकांनी बंदुका काढल्या, मालकच मेला. सरकारनं काय करावं, तर थेट देशद्रोहाचा खटला. पहिला आरोपी कॅस्टनर हॅनवे नावाचा गोरा गिरणीवाला, ज्याचा दोष एवढाच की तो तिथे घोड्यावर बसून होता आणि पकडायला मदत करायला नाही म्हणाला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता, पण मुख्य युक्तिवाद त्यानं केला नाही, तो दुसऱ्याला करू दिला कारण याचं नाव ऐकूनच ज्युरीतले काही बिथरले असते. ज्युरी आत गेली आणि पंधराएक मिनिटांत निर्दोष म्हणून बाहेर आली. बाकीच्यांवरचे देशद्रोहाचे खटले मग चाललेच नाहीत. सीनिअर लोकांनी नोंद घ्यावी, चांगला वकील कधीकधी गप्प बसून पण मॅटर जिंकतो. (आमच्याकडे हे कुणाला सांगायची सोय नाही.)

तिसरा भाग मात्र घसरला. १८४८ ला तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला, दोन टर्मनंतर बाहेर, मग १८५८ ला नव्या रिपब्लिकन पक्षाकडून परत, आणि उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध सुरू झाल्यावर वेज अँड मीन्स कमिटीचा अध्यक्ष, म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या जवळजवळ याच्याच हातात. युद्धाचा खर्च, १८६२ च्या कागदी नोटा ज्यांना ग्रीनबॅक म्हणायचे, इन्कम टॅक्स, हे सगळं महत्त्वाचं आहे हे कबूल, पण सरांनी ते पाटीवर आकडे लिहून लिहून शिकवलं आणि माईक डावीकडे. माझ्या पुढच्या रांगेतले दोघं झोपले होते, एकाची मान तर बाजूच्या बाईंच्या पर्सवर. तेवढ्यात जागं केलं ते पेनसिल्व्हेनियाच्याच एका पुढाऱ्याच्या, सायमन कॅमेरॉनच्या किश्श्यानं. लिंकननं विचारलं हा कॅमेरॉन चोर आहे का, तर स्टीव्हन्स म्हणाला तापलेली लाल शेगडी काही चोरणार नाही तो. कॅमेरॉन चिडला, शब्द मागे घ्या म्हणाला, तेव्हा हा म्हणतो बरं, तो लाल शेगडी चोरणार नाही हे माझं विधान मी मागे घेतो. किस्सा ऐकीव असेलही, पण झोपलेले उठले.

याच भागात एक गोष्ट सरांनी घाईत सांगितली तिला जास्त वेळ द्यायला हवा होता. स्टीव्हन्सचा स्वतःचा लोखंडाचा कारखाना होता, कॅलेडोनियाला. १८६३ च्या जूनमध्ये दक्षिणेचं सैन्य गेटिसबर्गकडे निघालं तेव्हा जनरल अर्लीनं तो मुद्दाम जाळला, मालक कोण आहे ते बघून. वकिली करून मिळवलेलं किती त्यात गेलं, मग तो त्यावर कसा वागला, हे ऐकायला आवडलं असतं.

चौथ्या भागासाठी मात्र सगळं माफ. ४ डिसेंबर १८६५, युद्ध संपलंय, लिंकनचा खून झालाय, नवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेला लाड करून परत घ्यायला निघालाय, आणि दक्षिणेतून निवडून आलेले लोक, त्यात कालपर्यंत बंडात असलेले कितीतरी, काँग्रेसच्या दारात उभे. त्यांना अडवायचं कसं? स्टीव्हन्सनं ठरवून ठेवलेलं, आणि सभागृहाचा क्लार्क एडवर्ड मॅक्फर्सन हा त्याचाच गाववाला. सुरुवातीला हजेरी घेतात तेव्हा क्लार्कनं दक्षिणेची नावं वाचलीच नाहीत. बस. आमच्या भाषेत सांगायचं तर पुकाराच झाला नाही. पुकारा झाला नाही म्हणजे तुम्ही सभागृहात नाहीच, आणि नाहीच तर हरकत घ्यायला तरी उभे कसे राहणार. टेनेसीचा एक जण मध्ये बोलायला गेला, त्याला क्लार्कनं बोलूच दिलं नाही. सरांनी हा प्रसंग अक्षरशः हातवारे करून उभा केला, फळ्यावर सभागृह काढलं, क्लार्क इथे, स्टीव्हन्स इथे, आणि मागे बसलेल्या आम्हा वकील मंडळींच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते एखादा स्टे मिळाल्यावर असतं तसं.

त्याच्यातून मग दोन्ही सभागृहांतल्या पंधरा जणांची संयुक्त समिती, आणि तिथून चौदावी घटनादुरुस्ती. इथे आयोजकांच्या जाहिरातीला चापट मारते. पोस्टरवर छापलं होतं "आपल्या कलम १४ चा अमेरिकन जनक". असं काही नाही. आपल्या कलम १४ मधला कायद्याचं समान संरक्षण हा भाग तिकडच्या चौदाव्या दुरुस्तीवरून आलाय हे खरं, आकडाही योगायोगानं तोच, पण तिकडचं ते वाक्य मुख्यतः जॉन बिंगहॅमचं, तो ओहायोचा, तोही वकीलच. स्टीव्हन्सनं दुरुस्ती सभागृहातून पुढे रेटली, आणि त्याला हवी होती तेवढी कडक ती नव्हतीच, तरी मत दिलं, का तर मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो म्हणून. सरांनी हे सगळं नीट सांगितलं, पोस्टर बनवणाऱ्यानं सरांना एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

प्रश्नोत्तरांत धमाल आली. स्टीव्हन्सला दक्षिणेतल्या मोठ्या जमीनदारांची जमीन काढून घेऊन मोकळ्या झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यायची होती, ते काही त्याच्याच पक्षानं होऊ दिलं नाही. हे ऐकल्याबरोबर पहिल्या रांगेतले एक काका उभे राहिले, आणि प्रश्न विचारायच्या ऐवजी त्यांची वाई तालुक्यातली जमीन कूळकायद्यात कशी गेली, तलाठ्यानं काय केलं, चुलत्यानं काय केलं, सगळं सुरू. मागून एक पोरगी म्हणाली, "काका, पण कसत कोण होतं ती जमीन?" काका म्हणाले, "ताई, तो मुद्दा वेगळा आहे." सर हसले आणि म्हणाले, नाही हो काका, मुद्दा तोच आहे, आणि मग १८६७ मध्ये अमेरिकेत जमीन न देता फक्त मताचा हक्क दिल्यानं पुढे काय झालं ते दहा मिनिटं इतकं सुंदर बोलले की ते मूळ व्याख्यानात का नव्हतं कळेना. मत टिकवायला पोट कुणाच्या हातात आहे ते बघावं लागतं, असा त्याचा गाभा होता. काका नंतर चहाच्या इथे त्या पोरीला पत्ते, गट नंबर सांगत होते, ती ऐकत होती बिचारी.

शेवटचं वर्ष १८६८. जॉन्सनवर महाभियोग, स्टीव्हन्स एवढा आजारी की त्याला खुर्चीत बसवून उचलून सभागृहात आणायचे. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं, जॉन्सन वाचला. जुलैत चौदावी दुरुस्ती मंजूर झाली, ऑगस्टच्या ११ तारखेला हा गेला. त्याचं शव कॅपिटॉलच्या घुमटाखाली ठेवलं, पहाऱ्याला काळे सैनिक. आणि दफन कुठे, तर लँकेस्टरच्या एका साध्या दफनभूमीत, कारण बाकीच्या दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट होती, आणि ते कारण त्यानं स्वतःच्या थडग्यावर लिहवून घेतलं. गेल्यावरही पक्षाच्या लोकांनी उमेदवारी त्यालाच दिली. मृत्युपत्रात घर सांभाळणाऱ्या लिडिया हॅमिल्टन स्मिथला वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५००० असा पर्याय, निवड तिची. ती मिश्र वंशाची विधवा, वीसेक वर्षं त्याच्याकडे, त्यांच्या नात्याबद्दल तेव्हाही लोक बोलायचे. सरांनी त्यात मसाला घातला नाही, मृत्युपत्राचं कलम वाचून दाखवलं आणि पुढे गेले.

आणि मग १८७३. महात्मा फुल्यांनी "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना, म्हणजे गंज पेठेतल्या माणसाचं लक्ष होतं तिकडच्या या सगळ्या भानगडींवर. सरांनी स्टीव्हन्सचं नाव फुल्यांना माहीत होतं असा दावा केला नाही, फक्त अर्पणपत्रिका वाचली. पोस्टरवाल्यानं हे ऐकलं असतं तर पुढच्या वेळी तो "फुल्यांचा अमेरिकन गुरू" छापेल, म्हणून आधीच सांगते, कृपया नको.

नोट्सची पीडीएफ चौथ्या रविवारनंतर आली, त्यात मॅक्फर्सनचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं आणि एका पानावर १८६६ चं १९६६. रेकॉर्डिंगची लिंक आठवडाभरच चालते, नंतर बंद, आणि त्यातही डावीकडचा आवाज नाहीच. इतिहासाचा अगदी गंध नसेल तर पहिला भाग जड जाईल, त्यांच्यासाठी आधी अमेरिकेचा एक नकाशा तरी वाटायला हवा होता, कुठलं राज्य उत्तर आणि कुठलं दक्षिण यावर बाजूच्या ताई शेवटपर्यंत मला विचारत होत्या. स्पर्धा परीक्षावाल्यांना थेट उपयोग नाही, मुद्दे मिळणार नाहीत. वकिलांनी, विशेषतः ज्युनिअर मंडळींनी, पहिला आणि चौथा भाग तरी चुकवू नये. सुटे भाग ४०० रुपयांत मिळतात हे ते पोस्टरवर लिहीत नाहीत, दारातल्या काकूंना विचारावं लागतं.

पुढची मालिका सॅमन चेसवर आहे म्हणे, तो पळालेल्या गुलामांचा सिनसिनाटीतला वकील, लिंकनचा अर्थमंत्री, मग सरन्यायाधीश, आणि जॉन्सनच्या त्याच खटल्यात सिनेटमध्ये अध्यक्षस्थानी बसलेला. मी नाव दिलंय. आयोजकांना एवढीच विनंती की रविवार संध्याकाळ सोडा, दुसरा किंवा चौथा शनिवार सकाळी ठेवा, कोर्टाला सुट्टी असते, निम्मी बाररूम येईल.